लंडनचा जुलै, नागपूरचा डिसेंबर

नागपुरात डिसेंबर लागला की शहराची चालच बदलते. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागतात, शेतावर हुरड्याचे बेत ठरतात आणि फुटाळा तलावाच्या काठावर माणसं भरदुपारी आपणहून उन्हात जाऊन बसतात. दिवसा पारा २८ अंशांच्या आसपास, पहाटे १२च्या आसपास. दिवसरात्रीची सरासरी काढली तर साधारण २० अंश सेल्सिअस. नागपूरकराला वर्षातला कोणता महिना आवडतो असं विचारलं, तर बहुतेकांचं बोट याच महिन्यावर पडेल.

लंडनच्या जुलैची सरासरी १९ अंशांच्या आसपास असते. आकडा जवळजवळ तोच. लंडनमध्ये मराठी माणसं आजकालची नाहीत, तिथलं महाराष्ट्र मंडळच १९३२ सालचं आहे. तरी तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांना जुलैमध्ये फोन केला की तक्रार ठरलेली: ‘यंदाही उन्हाळा आलाच नाही.’ इंग्रजही पिढ्यान्‌पिढ्या हेच म्हणत आले आहेत. समुद्राने वेढलेल्या देशांचं हवामान सौम्य खरं, पण मळभट आणि कंटाळवाणं, तिथला उन्हाळा म्हणजे हिरमोड, हा समज जगभर पक्का आहे.

एकाच तापमानाचे दोन महिने. एकाची वाट पाहायची, दुसऱ्याबद्दल कुरकुरायचं. हे कोडं सोडवायचं तर समुद्र हवेचं नेमकं काय करतो ते पाहावं लागेल.

ऊन कमी पडतं का?

पहिला संशय सूर्यावर जातो. लंडन ५१.५ अक्षांशावर, नागपूर २१ वर. नागपुरात २६ मेच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. लंडनला ते भाग्य कधीच नाही. २१ जूनलाही तिथला सूर्य क्षितिजापासून ६२ अंशच वर चढतो.

पण त्या दिवशी लंडनचा दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि नागपूरचा सव्वातेरा-साडेतेरा तासांचा. किरण तिरपे, पण तास जास्त. दोन्हींचा हिशेब मांडला तर २१ जूनला वातावरणाच्या माथ्यावर दिवसभरात पोचणारी सूर्याची ऊर्जा लंडनवर नागपूरपेक्षा सुमारे पाच टक्के अधिकच भरते. जून-जुलैत सूर्य हात आखडता घेत नाही. तो देतो त्यातलं जमिनीपर्यंत किती पोचतं आणि पोचलेल्याचं पुढे काय होतं, खरी गोष्ट तिथे आहे.

तवा आणि पातेलं

दोन सारख्या शेगड्यांवर एकीकडे रिकामा तवा ठेवा आणि दुसरीकडे पाण्याने भरलेलं पातेलं. दोन मिनिटांत तव्याला हात लावता येणार नाही. पाणी मात्र जेमतेम कोमट झालेलं असेल. शेगड्या विझवल्या की तवा लगेच निवेल आणि पाणी बराच वेळ ऊबदार राहील. विदर्भ म्हणजे तवा आणि अरबी समुद्र म्हणजे पातेलं.

एक किलो पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो कोरड्या मातीला तिच्या पाचव्या हिश्शाएवढी पुरते. शिवाय ऊन मातीत शिरत नाही. दिवसभराची उष्णता वरच्या काही सेंटिमीटरमध्येच अडकून पडते. पाण्यात प्रकाश कित्येक मीटर खोल जातो आणि लाटा वरचं-खालचं पाणी ढवळत राहतात. म्हणजे मातीचा पातळ थर तापतो तेवढ्याच उन्हात समुद्राचा जाडजूड थर तापवायचा असतो. तिसरी बाब बाष्पीभवनाची. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल खर्ची पडतात. समुद्रावर हा खर्च अखंड चालू असतो. मे महिन्यातल्या भेगाळलेल्या काळ्या जमिनीत वाफ व्हायला पाणीच उरलेलं नसतं. काळा रंग ऊन शोषून घेतो आणि जवळपास सगळी उष्णता माती आणि हवा तापवण्यातच जाते.

मुंबईसमोरच्या समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान वर्षभरात पाच-सहा अंशांच्या पट्ट्यातच खालीवर होतं. नागपूर दोन्ही समुद्रांपासून पाचशे किलोमीटरहून लांब आहे. इथे पाऱ्याला लगाम नाही: २३ मे २०१३ला ४७.९ अंश, २९ डिसेंबर २०१८ला ३.५ अंश. एकाच शहराच्या नोंदी, आणि त्यांच्यात ४४ अंशांचं अंतर.

खाऱ्या वाऱ्याची वेळ

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केलेले असतात. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार, दमट वारा आत येतो. हा खारा वारा मुंबई-रत्नागिरीच्या उन्हाळ्याचा राखणदार आहे. कुलाब्याचं दुपारचं तापमान जानेवारीत सरासरी ३०, मेमध्ये ३४च्या आतबाहेर. वर्षभरात फरक जेमतेम चार अंशांचा. नागपुरात तोच फरक चौदा अंशांचा आहे.

वाऱ्याचं महत्त्व तो चुकतो तेव्हा कळतं. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडून, म्हणजे आपल्याच दख्खनच्या तापलेल्या पठारावरून जोराचे वारे वाहतात आणि खाऱ्या वाऱ्याला दुपार उलटेपर्यंत किनाऱ्यावर पाय ठेवू देत नाहीत. मुंबई चाळिशी गाठते ती अशाच दिवसांत. सांताक्रूझची ४२.२ अंशांची नोंद १४ एप्रिल १९५२ची आहे. मे महिन्यातली नाही. त्या दिवशी मुंबई समुद्राकाठीच होती, पण हवा जमिनीवरची होती. हवामान सागरी आहे की नाही हे नकाशावरच्या अंतरापेक्षा वारा कुठून येतो यावर ठरतं.

इंग्लंड, आयर्लंड आणि पश्चिमेचा वारा

हवामानांची वर्गवारी करणाऱ्या व्लादिमिर कोपेन या शास्त्रज्ञाच्या पद्धतीत सौम्य सागरी हवामानाची एक अट अशी आहे, की सर्वांत उष्ण महिन्याची सरासरीही २२ अंशांच्या खाली हवी. शिवाय कोरडा ऋतू नसावा आणि हिवाळा कडक नसावा. महाराष्ट्रात या अटींत बसणारा कोणताही किनारा नाही. पण अट नागपूरच्या पंचांगावर ठेवून पाहिली तर गंमत दिसते: त्या हवामानाच्या भर उन्हाळ्यात आपला डिसेंबर चपखल बसतो.

इंग्लंड-आयर्लंडकडे वर्षातला बराच काळ पश्चिमेचे वारे वाहतात, आणि पश्चिमेला हजारो किलोमीटर अटलांटिक महासागर आहे. विषुववृत्ताच्या बाजूने येणारा ऊबदार सागरी प्रवाह त्याला हिवाळ्यातही फार गार होऊ देत नाही. कॅनडातलं विनिपेग शहर लंडनहून थोडं दक्षिणेला, म्हणजे खरं तर सूर्याच्या जास्त जवळच्या बाजूला आहे, पण समुद्रापासून फार आत. तिथली जानेवारीची सरासरी शून्याखाली सोळा अंशांच्या आसपास. लंडनची शून्याच्या वर पाच-सहा. समुद्र लंडनला हिवाळ्यात जे देतो त्याची किंमत उन्हाळ्यात वसूल करतो.

वसुलीची तऱ्हा अशी. पातेलं उशिरा तापतं. सूर्य जूनमध्ये सर्वांत वर असतो, पण आजूबाजूचा समुद्र सर्वांत ऊबदार होतो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. जूनमध्ये त्या समुद्राचं पाणी तेरा-चौदा अंशांवरच असतं आणि त्यावरून आलेला वारा तेवढाच गार. दिवस साडेसोळा तासांचा, आणि अंगावर जॅकेट! आपल्याकडे मातीला असा उशीर परवडत नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागतो तोवर नागपूर पूर्ण तापलेलं असतं. तेच शरीर घेऊन जूनमध्ये लंडनला उतरलेल्या माणसाला उन्हाळा हरवल्यासारखा वाटला तर नवल नाही.

खरा गुन्हेगार ढग

पण गारवा हे कोड्याचं उत्तर होत नाही. गारवा तर आपल्या डिसेंबरातही असतो. फरक डोक्यावर आहे.

डिसेंबरात नागपूरवर हवा वरून हळूहळू खाली बसत असते. खाली उतरणारी हवा दाबली जाते, तापते आणि कोरडी होत जाते, त्यामुळे तिच्यात ढग टिकत नाहीत. वारे ईशान्येकडचे, जमिनीवरून आलेले, मुळातच कोरडे. आभाळ निळं, ऊन स्वच्छ. हवा २५ अंशांची असली तरी उन्हात बसलेल्या माणसाला सूर्याची ऊब वेगळी मिळत असते. रात्री ढगांचं पांघरूण नसल्यामुळे जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते आणि पहाटे शेकोटी पेटते. दिवसरात्रीतला सोळा अंशांचा हा उतार-चढाव आपल्याला आवडतो.

अटलांटिकवर सगळंच उलट. ध्रुवाकडची थंड हवा आणि दक्षिणेची ऊबदार, दमट हवा तिथे समोरासमोर येतात. ऊबदार हवा हलकी, म्हणून थंड हवेच्या पाठीवरून वर सरकते. वर गेली की निवते, आणि निवली की तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होऊन शेकडो किलोमीटर लांबीचे ढगांचे थर पसरतात. या सीमेवर कमी दाबाचे भोवरे एकामागून एक तयार होऊन पूर्वेकडे येत राहतात. भोवरा नसेल तेव्हाही दमट हवा गार पाण्यावरून जाताना निवते आणि खालच्या थरात करडा ढग साचतो. परिणाम असा की लंडनला वर्षाकाठी सुमारे १,६०० तास ऊन मिळतं, दिवसाउजेडाच्या एकूण तासांच्या एक तृतीयांशाहून थोडंसंच जास्त.

पावसाचा हिशेब तर आपल्याला चकित करणारा आहे. लंडनला वर्षभरात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. नागपुरात हजाराहून अधिक. पावसाळी म्हणून बदनाम शहर आपल्यापेक्षा कितीतरी कोरडं! पण आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो, आणि त्या महिन्यांत लग्नाचा मांडव उघड्यावर कोणी घालत नाही. लंडनचा पाऊस बारा महिन्यांवर, शंभराहून अधिक दिवसांवर थोडाथोडा पसरलेला असतो. ज्या दिवशी सहल ठरवली तो दिवस त्यातलाच निघू शकतो. मनाला लागतं ते मिलिमीटरमधलं माप नव्हे, भरवसा नसणं.

तेव्हा माझं उत्तर असं: सौम्य तापमानावर ठेवलेला आरोप चुकीचा आहे. हिरमोड करतात ते ढग आणि अनिश्चितता. दोन्ही आणणारा समुद्रच, पण तापमान सावरण्याचं त्याचं काम आणि ढग आणण्याचं काम ही दोन वेगवेगळी कामं आहेत. आपल्या डिसेंबरात पहिल्याचा गुण समुद्राविना मिळतो आणि दुसऱ्याचा त्रास होत नाही.

चौकट: तीन शहरांचे आकडे
(तापमानं अंश सेल्सिअसमध्ये, सरासरी, अंदाजे)
नागपूर: मेमधली दुपार ४२, डिसेंबरची पहाट १२. पाऊस हजार मिलिमीटरहून अधिक, बहुतेक चार महिन्यांत.
मुंबई (कुलाबा): मेमधली दुपार ३४, जानेवारीची पहाट १९. पाऊस नागपूरच्या सुमारे दुप्पट, तोही चार महिन्यांतच.
लंडन: जुलैमधली दुपार २३-२४, जानेवारीची पहाट २-३. पाऊस सुमारे ६०० मिलिमीटर, वर्षभर विखुरलेला.

कंटाळवाणं नेमकं कोणतं?

आता दुसरा आरोप, एकसुरीपणाचा. इथे सरासरी फसवते. वर्षभराचा आलेख काढला तर लंडनची रेघ सपाट दिसते आणि नागपूरची उंच डोंगरासारखी. पण माणूस आलेखात राहत नाही, रोजच्या दिवसात राहतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात नागपुरात काल ४३, आज ४४, उद्या पुन्हा ४३. आभाळ पांढुरकं, रस्ते ओस, तोंडाला दुपट्टे. एखादं वादळ आलं तरच बातमी. लंडनच्या जुलैत वारा अटलांटिकवरून आला तर १९ अंश आणि दोन दिवसांनी फ्रान्सकडून आला तर २९. सकाळी ऊन, दुपारी सर, संध्याकाळी पुन्हा लख्ख. रोजच्या बदलाच्या दृष्टीने पाहिलं तर एकसुरी आपला मे महिना आहे.

हवामानाचं शास्त्र लंडनच्या त्या बदलत्या आभाळाखाली वाढलं यातही मला संगती दिसते. ल्यूक हॉवर्ड हा लंडनचा औषधं बनवणारा माणूस. १८०२ साली एका व्याख्यानात त्याने ढगांची वर्गवारी मांडली. सिरस, क्युम्युलस, स्ट्रेटस ही जगभर चालणारी नावं त्याचीच. पुढे रॉबर्ट फिट्झरॉय यांच्या हाताखाली १८५४ साली ब्रिटनचा हवामान विभाग सुरू झाला आणि १ ऑगस्ट १८६१ला लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये सर्वसामान्यांसाठी पहिला हवामान अंदाज छापून आला. जिथे उद्याचं आभाळ आजच्यासारखं नसतं, तिथेच रोज अंदाजाची गरज पडते.

आपल्याकडे ढगाला मोल आलं ते त्याच्या दुर्मिळतेमुळे. नागपूरजवळचं रामटेक हेच ‘मेघदूता’तलं रामगिरी, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. आषाढातला ढग पाहून व्याकूळ होणारा यक्ष मला रामटेकच्या उन्हाळ्यानंतरच समजू शकतो.

सौम्य, पण कोणाला?

मुंबईत ३४ अंश म्हणजे नागपूरच्या ४४ पुढे काहीच नाही, असं आपण सहज म्हणून जातो. शरीराचा हिशेब वेगळा आहे. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं, आणि घाम वाळायला हवा कोरडी लागते. म्हणून तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातल्यावर पारा कुठे थांबतो, हेही पाहायला हवं. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्यातला पारा २३च्या आसपास उतरतो. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर तो २८च्या खाली जात नाही. वाळ्याची ताटी लावलेला कूलर नागपुरात मे महिना निभावून नेतो आणि दादरला नुसती ओल वाढवतो, त्याचं कारण हेच. पण यावरून नागपूरचं ऊन सोसण्यासारखं आहे असा अर्थ काढू नये. कोरड्या हवेत घाम दिसण्याआधीच उडून जातो, शरीरातलं पाणी कधी संपलं ते कळत नाही, आणि ऊन लागतं.

म्हणजे समुद्राजवळ असणं एवढंच पुरत नाही; तो समुद्र कितीसा गरम आहे यावर सौम्यपणा ठरतो. गार समुद्र मळभ आणि गारवा देतो, ऊबदार समुद्र घाम आणि चिकचिक. भारतीय हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० आणि किनाऱ्यावर किमान ३७ अंशांचा उंबरठा ठेवला आहे, तोही सरासरीहून बऱ्याच जास्त तापमानाच्या अटीसह. ब्रिटनमध्ये लागोपाठ तीन दिवस पारा २५ ते २८ अंशांचा, भागाभागाप्रमाणे ठरलेला उंबरठा गाठतो तेव्हा उष्णतेची लाट मानतात. लंडनचा उंबरठा २८. आपल्या जानेवारीतल्या दुपारएवढा.

संत्र्याला विचारा

तव्यासारख्या हवेचा फायदा कोणाला होतो? काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीच्या बागांना. संत्र्याच्या झाडाला फुलायचं तर आधी थोडं अडवावं लागतं. शेतकरी पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी बंद आणि सोबतीला थंडी, म्हणजे वाढ थांबते. मग पाणी दिलं की आंबिया बहर फुटतो. एप्रिल-मेच्या उन्हात ताण बसला तर पावसाबरोबर मृग बहर. दोन्ही बहरांना हवेतला टोकाचा बदल लागतो. रंगाचंही तसंच. विषुववृत्ताजवळच्या सदा उष्ण, दमट सखल भागात संत्रावर्गीय फळं पिकूनही सालीने हिरवीच राहतात. साल केशरी व्हायला थंड रात्री हव्या असतात. नागपुरी संत्र्याचा रंग म्हणजे इथल्या थंडीने दिलेला रंग. वर्षभर एकसारखी हवा असती तर विदर्भाची ही ओळखच घडली नसती, आणि मला त्या बदल्यात मिळणाऱ्या सौम्य मे महिन्याचा मोह होत नाही.

सौम्यतेची सवय जडलेली घरं

मात्र सौम्य हवामानाचा एक धोका खरा आहे. १९ जुलै २०२२ला इंग्लंडमधल्या कॉनिंग्जबी इथे ४०.३ अंशांची नोंद झाली. ब्रिटनने चाळिशी ओलांडल्याची नोंद त्या दिवशी पहिल्यांदाच झाली. आदल्या दिवशी लुटन विमानतळाची धावपट्टी उष्णतेने खराब होऊन उड्डाणं थांबली होती. त्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या काळात इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या माणसांचे नेहमीपेक्षा सुमारे २,८०० मृत्यू अधिक झाले. नागपुरात ४० म्हणजे एप्रिलमधला साधा दिवस. इंग्लंडमधली घरं शतकानुशतकं हिवाळ्याशी लढण्यासाठी, ऊब आत कोंडून ठेवण्यासाठी बांधली गेली. पंखा नाही, उंच छत नाही, ओसरी नाही.

तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांना अशा दिवसांत आजीची रीत उपयोगी पडेल, कारण ब्रिटनमधली मोठी उष्णता बहुतेक वेळा दक्षिणेकडून येणाऱ्या कोरड्या हवेची असते. सकाळी ऊन चढण्याआधी खिडक्या बंद, पडदे ओढलेले. रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं सताड उघडं. एक दुरुस्ती मात्र हवी. जुन्या नागपुरात ताट्या आणि चिकाचे पडदे खिडकीच्या बाहेरून लावत. काचेतून आत आलेलं ऊन आतल्या पडद्यावर पडलं की तिथेच उष्णता होऊन खोलीत राहतं. तेच बाहेर अडवलं तर भिंतीच्या आत येतच नाही. लंडनच्या बहुतेक घरांच्या खिडक्यांना बाहेरून झडपा नसतात. तिथे दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून एखादी फिकट रंगाची चादर ताणून बांधली, तरी संध्याकाळी खोलीतला फरक जाणवेल.